पोरगी दिवसभर फोनवर असते, ह्याला काम म्हणायचं का?

नमस्कार ताई,

पत्र मिळालं. खरं सांगू का, त्यात प्रश्न एक नाहीये, चार आहेत, तुम्ही रागाच्या भरात सगळे एकाच दमात लिहिलेत. बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. ताई साताऱ्याच्या, घरीच ब्लाउज शिवतात, मिस्टर एसटीतून रिटायर झालेत. मुलगी २३ वर्षांची, बीकॉम, पुण्यात एका डिजिटल एजन्सीत दीड वर्ष काढून नोकरी सोडून घरी आली. आता घरूनच डिजिटल मार्केटिंग करते, म्हणजे दुकानांची फोनवरून जाहिरात, आणि तिच्याकडे तीन क्लायंट आहेत, एक पेढ्यांचं दुकान ८ हजार, एक साड्या-ड्रेसचं दुकान ६ हजार आणि कास रोडवरचा एक होमस्टे ५ हजार. म्हणजे महिन्याचे १९ ठरलेत, पण गेल्या महिन्यात हातात आले ११, कारण पेढेवाले म्हणाले पुढच्या महिन्यात एकदम देतो. शिवाय ती साताऱ्याच्या भटकंतीवर आणि खाण्यावर मराठीत ब्लॉग लिहिते, त्यातून अजून रुपया नाही. बाबा म्हणतात बँकेची परीक्षा दे. तिला ७५ हजारांचा कोर्स करायचाय. आणि ताई विचारतात, हे काम आहे की टाइमपास, आणि स्थळ घेऊन येणाऱ्यांना सांगायचं काय.

काम आहे ताई. पण डिजिटल मार्केटिंग ह्या एका नावाखाली दोन वेगवेगळी कामं चालतात आणि तुमची मुलगी सध्या त्यातलं स्वस्तातलं करतेय असं पत्रावरून वाटतं. तुम्हीच लिहिलंय की दुकानवाल्यांशी ठरलंय महिन्याला १२ पोस्ट, ४ रील आणि सणावाराला शुभेच्छांचं चित्र. आता हे काम कॅनव्हावर (पोस्टची चित्रं बनवायचं अॅप) कोणीही करतं, मजकूर चॅटजीपीटी लिहून देतं, आणि दुकानदाराचा पुतण्या कॉलेजातून आला की तो म्हणतो काका मी फुकट करतो. ह्याचा भाव वर जायचा नाही, उलट उतरतच जाणार. दुसरं काम म्हणजे सल्ला देण्याचं, की ह्या दुकानाचं गिऱ्हाईक नक्की कुठून येतं, पैसा कुठे घालायचा, कुठे अजिबात घालायचा नाही, आणि घातलेल्या पैशातून परत किती आले ते मोजून दाखवायचं. कन्सल्टंट म्हणतात तो हे काम करणारा.

तिचेच तीन क्लायंट घ्या ना. कास पठारावरच्या फुलांचा सीझन साधारण ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. होमस्टेवाला फुलं आली की फुलांचे फोटो टाकायला सांगणार, ती टाकणार, लाइक भरपूर येणार आणि बुकिंग येणार नाही, कारण पुण्या-मुंबईची माणसं त्याच्या आधीच वीकेंड ठरवून बसलेली असतात. मग जुलैच्या शेवटी काम सुरू व्हायला पाहिजे, आणि तेही इन्स्टावर नाही तर आधी गुगल मॅपवर. तिथे होमस्टेचं प्रोफाइल नीट भरलंय का, फोन नंबर चालू आहे का, फोटो खोल्यांचे आणि बाथरूमचे आहेत का (बाथरूमचे फोटो लोक आधी बघतात, फुलांचे नाही), मागच्या पाहुण्यांकडून रिव्ह्यू मागितलेत का. ह्याला जाहिरातीचा एक रुपया लागत नाही आणि पाच हजारांतलं खरं काम हेच आहे.

पेढ्यांचं वेगळं. साताऱ्यातला माणूस पेढे घ्यायला इन्स्टा बघत नाही, त्याचं दुकान ठरलेलं असतं आज्यापासून. गिऱ्हाईक मिळवायचंय ते बाहेरचं, पुण्यातला सातारकर, ठाण्यातला सातारकर. त्यासाठी मेटाच्या (फेसबुक-इन्स्टाची कंपनी) अॅड्स मॅनेजरमधून शहर आणि वयोगट निवडून अशी जाहिरात लावता येते की बटण दाबलं की थेट दुकानाचं व्हॉट्सअॅप उघडतं. राखीच्या आणि दिवाळीच्या आधी दोन-तीन आठवडे लावायची आणि मग मोजायचं, जाहिरातीला समजा ३ हजार गेले, वर १८ टक्के जीएसटी धरा, किती मेसेज आले, त्यातल्या किती जणांनी पेढे मागवले, कुरिअर वजा जाता दुकानाला काय उरलं. हा आकडा कागदावर लिहून दुकानदारासमोर ठेवला ना की तो पुढच्या महिन्यात देतो म्हणत नाही. आणि नुकसान दिसलं तर तेही तितकंच सरळ सांगायचं, पुढच्या वेळी वेगळं करू म्हणायचं. पैसे भरून पोस्ट जास्त लोकांना दाखवायचं जे पोस्टखालचं बूस्ट बटण असतं ते नुसतं दाबणं म्हणजे मार्केटिंग नव्हे, हे तिला एजन्सीत कळलं असेलच.

साड्यांच्या दुकानाचं फार लिहीत नाही, तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते, त्याच्या आधी व्हॉट्सअॅप बिझनेसवर कॅटलॉग तयार पाहिजे एवढं पुरे.

अजून एक, हे तिला आजच विचारा. दुकानांची पेजेस कोणाच्या नावावर आहेत? बरेचदा ही पोरं स्वतःच्या अकाउंटवरून पेज काढून देतात किंवा मालकाचा पासवर्ड घेऊन बसतात, आणि भांडण झालं की दोघंही अडकतात. पेज आणि अॅड अकाउंट मालकाच्या नावावर, जाहिरातीचे पैसे मालकाच्या कार्डावरून, आणि तिला फक्त मेटाच्या बिझनेस सेटिंगमधून काम करायचा अॅक्सेस, असं असावं. आणि प्रत्येक दुकानाला गिऱ्हाइकांच्या नंबरांची स्वतःची यादी करायला लावायची, अर्थात लोकांना विचारून. २९ जून २०२० ला टिकटॉक बंद झालं तेव्हा खेड्यापाड्यातल्या किती पोरांचे लाखो फॉलोअर्स एका रात्रीत गेले ते तुम्हीही टीव्हीवर पाहिलं असेल. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टा, व्हॉट्सअॅप तिन्ही एकदम बंद पडले होते काही तास, तेव्हा ज्यांच्याकडे नुसतं पेजच होतं ते नुसते बसून होते. दुसऱ्याच्या जागेत धंदा करतोय हे लक्षात ठेवूनच करायचं.

आता पैशाचं. ताई, ह्यात तुम्ही तिच्या गुरू आहात, माझी गरज नाही. ब्लाउज घेऊन जाताना बाई म्हणते शिलाई नंतर देते, तेव्हा तुम्ही काय करता? तुम्हीच लिहिलंय की आता अर्धे पैसे आधी घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाही. मग तिला हे का नाही शिकवलंत? महिन्याच्या १ तारखेला पूर्ण किंवा निदान अर्धे पैसे आगाऊ, काय काम करणार आणि काय नाही करणार ते एका पानावर लिहून दोघांच्या सह्या, रात्री ११ ला फोन करून हे बदल ते बदल म्हटलं तर दोनदा फुकट, तिसऱ्यांदा वेगळे पैसे. गावात ओळखीची माणसं असतात, लाज वाटते, सगळं मान्य, पण लाजेने ८ हजार अडकतात हे दिसलं की.

तिने उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, करून घ्यावं, सरकारी साइटवर फुकट होतं, कोणी एजंट पैसे मागत असेल तर देऊ नका. त्याचा फायदा असा की छोट्या उद्योगाचं बिल कायद्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं, नाहीतर देणाऱ्यावर व्याज चढतं. पेढेवाल्यावर लगेच केस टाका असं म्हणत नाहीये मी हं, पण बिलावर उद्यम नंबर आणि ४५ दिवस हे छापलेलं असलं की पुढच्या मोठ्या क्लायंटला बरोबर कळतं. जीएसटीची चिंता आत्ता करू नका, फक्त सेवा देणाऱ्याला आपल्याकडे वर्षाला २० लाखांच्या वर गेल्यावर ती लागते. मोठी कंपनी क्लायंट असेल तर सल्ल्याच्या फीमधून १० टक्के टीडीएस, म्हणजे आयकर आधीच, कापते, तो बुडत नाही, रिटर्न भरलं की हिशोबात धरला जातो. म्हणून उत्पन्न कमी असलं तरी रिटर्न दरवर्षी भरायचं. ह्याच्याकडे परत येते खाली.

आणि पीएफ नाही, मेडिक्लेम नाही, आजारी पडली तर पगारी सुट्टी नाही. म्हणून १९ हजार म्हणजे १९ हजार पगार असं धरू नका. त्यातून इंटरनेट, कॅनव्हा, पेट्रोल, लॅपटॉप कधीतरी बदलायचे पैसे, स्वतःचा आरोग्य विमा, हे सगळं जाणार. माझ्या मते आत्ता ती नोकरीतल्या बारा-तेरा हजारांच्या बरोबरीने कमावतेय, तेही सगळे पैसे वेळेवर आले तर. हे तिला टोमणा म्हणून नका सांगू, कागद-पेन घेऊन बसून हिशोब करा दोघी.

ब्लॉगबद्दल तुम्ही म्हणता त्यातून काही मिळत नाही, मिळणारही नाही लवकर. गुगल अॅडसेन्स (साइटवर जाहिराती लावून त्याचे पैसे देणारी गुगलची सेवा) मराठी साइट घेतं, पण मराठी पानावरच्या जाहिरातींचा दर इंग्रजीच्या मानाने कमी, १० डॉलर जमल्यावर पत्ता तपासायला घरी पोस्टाने पिन येतो आणि खात्यात पैसे यायला १०० डॉलर जमावे लागतात, तिथवर पोचता पोचता नवीन ब्लॉगवाले कंटाळून सोडून देतात. त्यात आता गुगल बऱ्याच प्रश्नांचं उत्तर स्वतःच वर लिहून टाकतं, लोक खाली साइटवर येतच नाहीत. तरीही ब्लॉग बंद करू देऊ नका. तो तिचं दुकान आहे, कमाई नाही, निदान आत्ता तरी. कासला जाताना पास कुठून काढायचा, शनिवार-रविवारी गाडी कुठे लावावी लागते, ठोसेघरच्या धबधब्याला पावसात लहान मुलं घेऊन जावं का, असलं स्वतः जाऊन बघून लिहिलेलं मशीनला जमत नाही, आणि उद्या महाबळेश्वरचा एखादा हॉटेलवाला विचारेल की तुला काय येतं तेव्हा दाखवायला हेच आहे. भटकंतीवर कविता कमी आणि ही माहिती जास्त, एवढा निरोप माझ्याकडून द्या तिला.

फक्त एक गडबड मला दिसतेय. ती ज्या होमस्टेचं काम करते त्याच होमस्टेचं कौतुक तिने ब्लॉगवर लिहिलंय, आणि पैसे घेते हे कुठेच लिहिलेलं नाही. हे चालत नाही. जाहिरात क्षेत्राची अॅस्की म्हणून संस्था आहे तिचे ह्याबद्दलचे नियम २०२१ पासून आहेत, केंद्राच्या ग्राहक खात्याने जानेवारी २०२३ मध्ये स्वतःचे काढले. पैसे घेतले असोत, फुकट राहायला मिळालं असो की फुकट जेवण, ती जाहिरात आहे हे ठळक सांगायचं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दंड १० लाखांपर्यंत जाऊ शकतो, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत. साताऱ्यात कोण येणार दंड करायला म्हणाल, ते ठीक, पण वाचणाऱ्याला एकदा कळलं ना की ही पैसे घेऊन गोड लिहिते, मग ब्लॉग संपला. एक ओळ टाकायला काय जातंय.

७५ हजारांचा कोर्स करू नका. स्पष्ट सांगते, दीड वर्ष एजन्सीत काढलेल्या मुलीला त्यातलं बरंचसं येत असणार, आणि १०० टक्के प्लेसमेंट असं लिहिणाऱ्याकडे ते लेखी मागा, मग बघा काय देतात. गुगलचं स्किलशॉप, मेटाचं ब्लूप्रिंट, हबस्पॉट अॅकॅडमी, तिन्हीकडे शिकायला फुकट आहे, इंग्रजी थोडं झेपलं पाहिजे इतकंच. त्यापेक्षा तिला ५ हजार द्या आणि सांगा माझ्या ब्लाउजांची जाहिरात कर. गंमत नाही करत आहे. साताऱ्यात, घरापासून ५-६ किलोमीटरच्या आतल्या बायकांना दिसेल अशी, लग्नसराईच्या आधी, आणि दोन महिन्यांनी तुम्हीच हिशोब मागा किती नवीन गिऱ्हाइकं आली. ह्यात ती जे शिकेल ते वर्गात नाही शिकणार, आणि क्लायंटच्या जागी बसल्यावर तुमचंही मत बदलेल, कुठल्या बाजूला ते सांगता येत नाही.

बाबांना सांगा घाबरू नका. बँकांच्या आयबीपीएस परीक्षेत क्लार्कला २८ आणि पीओला, म्हणजे ऑफिसरला, ३० पर्यंत वय चालतं, ती २३ ची आहे, दरवाजा बंद होत नाहीये. तिला एक वर्ष द्या आणि आधीच ठरवून घ्या, वर्षाच्या शेवटी दर महिन्याला खरोखर हातात आलेले ३० हजार आणि एका क्लायंटवर निम्म्याहून जास्त अवलंबून नाही, एवढं झालं तर पुढे चालू, नाही झालं तर नोकरी, आणि नोकरी म्हणजे बँकच असं नाही, एखाद्या कंपनीत मार्केटिंगची सुद्धा. दोन्ही एकदम करायला लावू नका पण, सकाळी रिझनिंग आणि दुपारी रील असं केलं की दोन्ही अर्धवट राहतात, माझ्याकडे शिकायला येणाऱ्या दर बॅचमध्ये एक-दोन अशी मुलं असतात.

राहिलं स्थळांचं. मार्केटिंग कन्सल्टंट आहे, स्वतःचं काम आहे असं सांगायचं, पुढे कोणी विचारलंच तर दोन वर्षांची रिटर्न्स दाखवायची, मघाशी म्हटलं ना ते ह्यासाठी. बँकसुद्धा कर्ज देताना धंदेवाल्याकडे तेच मागते, मग सोयऱ्यांनी मागितलं तर काय बिघडलं. आणि कोणी लग्नानंतर हे बंद करायचं म्हणालं तर उत्तर तुम्ही देऊ नका, तिलाच देऊ द्या. लग्न होऊन समजा नाशिकला गेली तर साताऱ्याचे एक-दोन क्लायंट सुटतील, ज्यांना रोज समोर माणूस लागतो ते, पेढ्यांच्या जाहिराती मात्र ती तिथूनही लावू शकते.