सिनचोनमध्ये शाकाहारी माणसाचं खाणं-पिणं: आधी ती कुपनं घेऊ नकोस

तुझी पोस्ट तीनदा वाचली. सप्टेंबरपासून एका सत्रासाठी सोल, हॉस्टेल सिनचोनजवळ, अंडं चालतं पण मांस-मासे नाहीत, मैत्रिणी पिणाऱ्या, तू क्वचित एखादा घोट घेणारी. आणि शेवटी सहज लिहिल्यासारखं वाक्य: 'परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसने मेसची पूर्ण सत्राची कुपनं आत्ताच घ्यायला सांगितलीत, शाकाहारी पर्याय असतात म्हणतात, घेऊन टाकू का?'

नको. बाकीचं नंतर वाच, पण आधी ते पैसे भरायचे थांबव.

मी 2017 ते 2019 तिथे होते, मागच्या वर्षी पुन्हा दहा दिवस जाऊन आले. तू म्हणतेय, राग मानू नकोस, वयाने बरीच मोठी आहे. माझं विद्यापीठ कुठलं ते सांगत नाही. सोलमध्ये विद्यापीठांना तोटा नाही आणि मला कुणाशी भांडण उकरून काढायचं नाही. पण ही मेल मलाही आली होती, जवळजवळ याच शब्दांत. मी सांगलीत बसून खूश झाले. आईला सांगितलं, बघ, जेवणाची सोय झाली. 90 जेवणांची कुपनं घेतली, 3 लाख 60 हजार वॉन. तेव्हाचे साधारण वीस-बावीस हजार रुपये झाले, तेही बाबांच्या कार्डावरून.

पहिल्या दिवशी ताटात भात, किमची (तिखट घालून आंबवलेला कोबी), मोडाच्या सोयाबीनचं पातळ सूप आणि कोबीची कोशिंबीर. वाटलं, चला, साधं आहे पण आहे. सूप मी दोन वाट्या प्यायले. आठवड्याभराने लॅबमधल्या एका मुलीने विचारलं, तू मासे खात नाहीस ना? मग म्योल्छी कशी चालते? म्योल्छी म्हणजे सुकवलेली छोटी मासळी, आपल्या सुकटीच्या जातीची. ती उकळून त्या पाण्यात सूप करतात आणि मासळी काढून टाकतात. वाटीत दिसणार काय, कप्पाळ! किमचीत खारवलेली कोळंबी किंवा माशाचा रस असतो हेही तेव्हाच कळलं. म्हणजे माझ्या ताटात खरोखर शाकाहारी होता तो भात आणि कोबी.

मी ऑफिसात गेले. काउंटरवरच्या बाईंनी नम्रपणे कमरेत वाकून सांगितलं की जेवणात मांस नसतंच. मी म्हटलं, मासळी आहे. त्या म्हणाल्या, मांस नाहीये. हा संवाद तीन वेळा झाला. मग कँटीनवाल्यांकडे जा म्हणाल्या. ते कंत्राटदार, ते म्हणाले पैसे ऑफिसने घेतलेत, आमच्याकडे परतावा नाही. मी पुन्हा ऑफिसात. आता एक फॉर्म, तो कोरियनमध्ये, आणि मुदत 'सत्र सुरू झाल्यापासून सात दिवस'. तो दहावा दिवस होता. मुदतीची ओळ मूळ मेलच्या जोडपत्रात होती, तीही कोरियनमध्येच. एक पैसा परत मिळाला नाही. कुपनं मी वाटून टाकली, काही निम्म्या किमतीत विकली, आणि पुढचे दोन महिने खिशाला कात्री लावून केळी आणि उकडलेली अंडी खाल्ली.

हे लिहितानाही डोकं तापतंय, पण एक गोष्ट मला फार उशिरा कळली. त्या बाई खोटं बोलत नव्हत्या. कोरियनमधलं 'कोगी' म्हणजे मांस, पण रोजच्या बोलण्यात त्याचा अर्थ ताटात दिसणारा मांसाचा तुकडा. हॅम बऱ्याचदा कोगीत धरत नाहीत, माशाच्या वड्या धरत नाहीत, रस्सा तर नाहीच नाही. 'कोगी आहे का?' असं विचारशील तर 'नाही' असंच उत्तर येईल, आणि ते त्यांच्या परीने खरंच असेल. आपल्याकडे 'केकमध्ये अंडं आहे का' विचारल्यावर 'अहो, दिसतंय का कुठे' म्हणणारा बेकरीवाला आठव. (परतावा न देणं मात्र तरीही लबाडीच होती. ते वेगळं.)

म्हणून पाठ करायचा शब्द 'कोगी' नाही. 'युक्सू'. युक्सू म्हणजे ज्या पाण्यात पदार्थ शिजतो तो रस्सा. 'युक्सूए म्योल्छीना कोगी तुरॉगायो?' म्हणजे रश्शात सुकी मासळी किंवा मांस पडतं का? हे वाक्य फोनमध्ये कोरियन लिपीत लिहून ठेव आणि सरळ दाखव. शिवाय 'कोगीरांग हेसानमुल मोन मॉगॉयो', मी मांस आणि समुद्रातलं काही खाऊ शकत नाही. 'खात नाही' म्हटलं तर आवडनिवड समजतात, 'खाऊ शकत नाही' म्हटलं की थांबून विचार करतात. माझा अनुभव बरं का, भाषातज्ज्ञ नाही मी.

आता कुठे खायचं. दुकानांची नावं मुद्दाम देत नाही. विद्यापीठाच्या गल्ल्यांत दुकानं इतक्या पटापट बदलतात की माझ्या वेळच्या पाच आवडत्या ठिकाणांपैकी मागच्या वर्षी एकच उरलं होतं, आणि तेही केस कापायचं दुकान. पदार्थ मात्र बदलत नाहीत.

सिनचोनला यॉनसे, इह्वा आणि सोगांग अशी तीन विद्यापीठं चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, आणि मेट्रोच्या त्याच 2 नंबरच्या लाईनवर पुढचं स्टेशन होंगिक विद्यापीठाचं, म्हणजे प्रसिद्ध होंगदे. होंगदेला पहिले दोन शनिवार जाशील, मग कंटाळशील. 9 नंबरच्या दरवाज्यातून बाहेर पडताना दादर स्टेशनच्या पुलाची आठवण येते. 3 नंबरने बाहेर पड. तिथून जुन्या रेल्वेमार्गावर केलेली लांबलचक बाग लागते आणि तिच्या कडेने यॉननाम-दोंगच्या गल्ल्या. भाडी परवडेनात म्हणून होंगदेतून सरकलेले छोटे स्वयंपाकी तिकडे गेले, आता तिकडचीही भाडी चढलीत. पूर्ण वनस्पतीजन्य खाणं देणारी ठिकाणं याच पट्ट्यात आणि पुढे मांगवॉनकडे जास्त सापडतात. नेव्हर मॅपवर कोरियनमध्ये 'बिगन' टाकून शोध. गुगल मॅप तिथे चालत जायचा रस्ता धड दाखवत नाही, त्याच्या भरवशावर राहू नकोस.

रोजच्या पोटाला किमबापची, म्हणजे समुद्रशेवाळाच्या पानात गुंडाळलेल्या भाताच्या वळकट्यांची, साधी दुकानं. पण आत हॅम, खेकड्याच्या नावाची माशाची कांडी (मात्साल) आणि माशाची वडी (ओमुक) असते. 'हेम, मात्साल, ओमुक प्पे जुसेयो', हे काढून द्या. समोर गुंडाळून देत असतील तरच घे, आधीच करून ठेवलेल्यातून काय काढणार? बिबिमबाप, म्हणजे भाज्या घालून कालवायचा भात, त्यावर लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात. मीही ठेवला होता. वरचं मांस काढतात, पण तिखटाची लाल चटणीच कधीकधी खिम्यात परतलेली असते आणि सोबतचं सूप युक्सूचं. चटणी वेगळी माग, सूप सोडून दे. त्तोकबोक्की, म्हणजे तिखट रश्शातल्या तांदळाच्या पिठाच्या कांड्या, दिसायला निरागस, पण रस्सा म्योल्छीचा आणि आत ओमुक. मालाथांगच्या (झणझणीत चिनी सूप) दुकानात भाज्या-टोफू आपल्या हाताने भांड्यात घेऊन वजनावर पैसे देतो म्हणून आपल्यासारखे फार फसतात. भाज्या तुझ्या, पाणी हाडांचं.

सप्टेंबरात उकाडा असतो तोवर खोंगगुक्सू खाऊन घे. सोयाबीन वाटून काढलेल्या गार दाट दुधात शेवया. यात रस्साच नाही, म्हणून मला तो देवासारखा भेटला. सोलमध्ये मीठ घालतात, दक्षिणेकडे जॉल्ला भागात साखर. मी साखरवाल्यांच्या बाजूची. थंडीत रस्त्यावरचा होत्तोक, आत वितळलेला गूळसाखरेचा पाक, गूळपोळीची गुबगुबीत मावसबहीण. जीभ भाजेल, सावकाश. लाल चवळीसारख्या दाण्यांची पात्जुक नावाची लापशी आणि भोपळ्याची होबाकजुक आजारपणात उपयोगी. सुजेबी पाहून वरणफळं आठवतील आणि डोळे भरून येतील, पण युक्सू विचारल्याशिवाय चमचा लावू नकोस.

एकटीने जेवायला लाज वाटून घेऊ नकोस, त्याला तिथे 'होनबाप' असा शब्दच आहे. फक्त मधे शेगडी ठेवून शिजवायच्या ठिकाणी किमान दोन माणसांचं मागवावं लागतं, तिथे एकटीला घेत नाहीत. बरीच दुकानं दुपारी 3 ते 5 बंद असतात. पाणी आपण उठून आणायचं, चमचे टेबलाखालच्या खणात, बिल दाराशी, टीप नाही. हे तुला माहीत असेलच.

पिण्याचं. सगळ्यात आधी, खरा पासपोर्ट किंवा तिथे परदेशी नागरिकांना मिळणारं ओळखपत्र जवळ ठेव, फोनमधला फोटो चालेल असं धरू नकोस. तिथे त्या वर्षी 19 पूर्ण होणाऱ्याला दारू मिळते आणि अल्पवयीनाला दिली तर दुकानावर कारवाई होते, म्हणून दारातच विचारतात. बाराजणांचा आमचा घोळका एकदा माझ्यामुळे बाहेर उभा राहिला होता. बसलात की दारूबरोबर आन्जू, म्हणजे चखणा, मागवावाच लागतो, आणि खरा खर्च तिथे होतो. सोजूची (तिथली रोजची कडक दारू) बाटली स्वस्त दिसते, आन्जूच्या थाळ्या पाहून घाम फुटतो. ग्रुपमध्ये हे आधी बोलून घे, नाहीतर शेगडीवर डुकराचं मांस बाकीचे खाणार, तू कोथिंबिरीसारखी सॅलडची पानं चघळणार, आणि वाटणी मात्र समान. माझं असं किती वेळा झालं याचा हिशेब ठेवलेला नाही, ठेवायला हवा होता.

तुझ्यासाठी माक्कॉलीची जागा बरी. तांदळाची पांढरी, किंचित आंबूस दारू, पितळेसारख्या दिसणाऱ्या पिवळ्या वाट्यांतून. सोबत जॉन, म्हणजे धिरडी. बटाट्याचं कामजाजॉन बहुतेक वेळा निर्धोक. कांद्याच्या पातीच्या पाजॉनमध्ये माकुळ असते, आधी सांगून ठेव. बिन्देत्तोक तर भिजवलेले मूग वाटून केलेलं, अगदी आपलं मुगाचं धिरडं, फक्त त्यात डुक्कर घालतात आणि कधी त्याच्याच चरबीत तळतात, तेव्हा दोन्ही विचार. पाऊस पडला की तिथली माणसं जॉन आणि माक्कॉलीकडे वळतात. आपल्याकडे कांदाभजी आठवतात, तसं. वेळ काढून एकदा होएगी स्टेशनजवळची पाजॉनची गल्ली बघ, क्यॉन्गही विद्यापीठाच्या पोरांची.

घ्यायची नसेल तर 'सुल मोन माश्यॉयो' म्हण आणि ग्लासात सायडर भर. तिथे सायडर म्हणजे लिंबाचं गोड सोडा पेय, घाबरू नकोस. मोठ्यांनी ओतलं तर ग्लास दोन्ही हातांनी धर, पिताना तोंड जरा बाजूला. एवढं केलंस की ग्लासात काय आहे ते फारसं कुणी बघत नाही. माझ्या वेळी सगळ्यात छान बैठक दुकानात नसायचीच: कोपऱ्यावरच्या स्टोअरमधून दोन कॅन आणि शेंगदाणे घेऊन त्या रेल्वेच्या बागेत गवतावर बसायचो. आता बागेत दारूला बंदी असू शकते, आधी फलक वाच.

शेवटची मेट्रो मध्यरात्रीच्या सुमारास. 2 नंबरची लाईन गोल फिरते, पण शेवटच्या गाड्या मधेच कुठेतरी संपतात. मी एकदा झोपले आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला उतरले. रात्री 10 नंतर टॅक्सीचं भाडं चढतं, 11 ते 2 सगळ्यात जास्त.

चुसॉकच्या, म्हणजे शरद ऋतूतल्या मोठ्या सणाच्या, सुट्टीत मेस आणि छोटी दुकानं बंद असतात. आदल्या दिवशीच खोलीत काहीतरी भरून ठेव. डाळी-मसाले इतेवोनच्या मशिदीच्या चढावर मिळतात, तांदूळ तिथलाच घे. हिंग मात्र इथून ने, छोटी डबी, घट्ट झाकणाची. गंमत म्हणजे कोरियन बौद्ध मठांच्या जेवणात पाच उग्र गोष्टी वर्ज्य असतात: लसूण, कांदे-पातीचे प्रकार, आणि पाचवं चक्क हिंग. मठाचं जेवण देणारी हॉटेलं शाकाहारी माणसाला डोळे मिटून जाण्यासारखी. महाग असतात, आई-बाबा आले की त्यांच्या पैशाने जा.

आता कुपनांचं. ऑफिसला आजच मेल टाक आणि 'शाकाहारी पर्याय आहे का' हे विचारूच नकोस. असं विचार: सूप आणि भाज्यांच्या युक्सूमध्ये म्योल्छी, मांस किंवा शिंपले असतात का? किमचीत कोळंबी किंवा माशाचा रस असतो का? कुपनं एकेक करून, दिवसाच्या दिवशी घेता येतात का? परताव्याची शेवटची तारीख कुठली? चारही उत्तरं लेखी माग. काही विद्यापीठांत विद्यार्थ्यांना 1,000 वॉनमध्ये सकाळचं जेवण मिळतं, सरकार त्यात भर घालतं, ते तुला लागू आहे का तेही त्यातच विचार. कोरियन जोडपत्र आलं तर नाव-नंबर झाकून इथे टाक, मी वाचून सांगते. तारीख उलटायच्या आत टाक मात्र.