प्रतिकण आत पडल्यामुळे कृष्णविवराचं वस्तुमान कमी होतं, हे खरं आहे का?

नाही. साफ चूक आहे ते. मग तुमच्या सरांनी सांगितलेलं असो, यूट्यूबवर ऐकलेलं असो नाहीतर गाइडात छापलेलं असो.

तुम्ही विचारलंय की क्षितिजाजवळ, म्हणजे जिथून आत गेलेलं काहीच परत येत नाही त्या सीमेजवळ, कण आणि प्रतिकण (तेवढ्याच वस्तुमानाचा पण उलट विद्युतभाराचा कण) यांची जोडी तयार होते, प्रतिकण आत पडून आतल्या कणाला संपवतो असं वाचलं; पण निम्म्या वेळा कणच आत पडत असेल, मग हिशोब कसा बसतो? तुमची शंका रास्त आहे. तो हिशोब बसतच नाही. औंढ्याला (जि. हिंगोली) होणाऱ्या लिगोला, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेला, हे दिसेल का, असंही विचारलंय. ते शेवटी लिहिते.

याच मुद्द्यावरून माझं भर वर्गात भांडण झालेलं आहे, म्हणून जरा लांबण लावते. एम.एस्सी.ला आम्हाला सेमिनार असायचा. बहुतेकांनी सौर घट, थिन फिल्म असले विषय घेतले, कारण त्यात मार्क हमखास. मी हॉकिंग उत्सर्जन घेतलं, म्हणजे कृष्णविवर ऊर्जा बाहेर टाकत हळूहळू झिजतं, हे स्टीफन हॉकिंगचं म्हणणं. मी मूळची औंढा तालुक्यातली. लिगो आपल्याकडे होणार अशी चर्चा तेव्हा गावात सुरू झाली होती आणि मला हा विषय दुसऱ्या कुणाला द्यायचाच नव्हता.

फळ्यावर मी विवर काढलं, क्षितिजाचं तुटक वर्तुळ काढलं आणि बोलायला लागले. पाच मिनिटं झाली नसतील, सर उठले, माझ्या हातातला खडू घेतला आणि वर्तुळाच्या काठावरून दोन बाण काढले, एक आत, एक बाहेर. बाहेरच्यावर अधिक, आतल्यावर उणे. म्हणाले, "हे राहिलं की तुझं. प्रतिकण आत गेला, आतल्या कणाला भेटला, दोघं संपले. वस्तुमान कमी. विषय संपला."

मी विचारलं, "सर, पॉझिट्रॉनचं, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या प्रतिकणाचं, वस्तुमान किती?"

"इलेक्ट्रॉनएवढंच."

"मग तो आत पडला तर विवर जड होईल का हलकं?"

"अगं, तो नष्ट होतोय ना आत!"

"नष्ट होऊन गॅमा फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, निघतात, एकेक ०.५११ एमईव्ही ऊर्जेचा. तेही आतच राहतात. मग ऊर्जा गेली कुठं?"

वर्ग चिडीचूप. पहिल्या बाकावरची मैत्रीण डोळ्यांनी खुणावायली, की बस कर. सर म्हणाले, "लई बोलायलीस तू. पुस्तक बरोबर का तू बरोबर?" मी म्हणाले, पुस्तक चूक आहे. वर्गात सगळ्यात कमी मार्क मला पडले. काही वर्षांनी परभणीत एका लग्नात सर भेटले. "काय म्हणतंय तुझं ब्लॅक होल?" म्हणून हसले. मी पुन्हा तोच प्रश्न काढला तर म्हणाले, "सोड ना आता, जेवून घे आधी." उत्तर त्यांनी अजूनही दिलेलं नाही, आणि तेच चित्र ते आजही फळ्यावर काढतात, हे त्यांच्या आत्ताच्या विद्यार्थ्यांकडून मला कळतं. राग मार्कांचा नाही, याचा आहे.

आता खरं काय ते. उणी ऊर्जा आणि प्रतिकण यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. प्रतिकणाची ऊर्जा धनच असते. युरोपातल्या सर्न या प्रयोगशाळेतल्या आल्फा प्रयोगाने तर २०२३ मध्ये प्रतिहायड्रोजन, म्हणजे प्रतिकणांचा बनलेला हायड्रोजन, खालीच पडतो हेही दाखवून दिलं. आत जाणाऱ्या जोडीदाराची ऊर्जा दूरच्या निरीक्षकाच्या हिशोबात उणी असते, मग तो इलेक्ट्रॉन असो की पॉझिट्रॉन. असा उणा कण क्षितिजाबाहेर खराखुरा म्हणून टिकू शकत नाही. आत मात्र काळ आणि अंतर यांच्या भूमिका बदलतात. बाहेरचा ज्याला ऊर्जा म्हणतो ती राशी तिथं संवेगासारखी वागते, आणि संवेग उणा असायला कुणाची हरकत नसते. म्हणून उणा नेहमी आत आणि धन बाहेर. निम्मे-निम्मे होतात ते कण आणि प्रतिकण.

आणि सूर्याएवढ्या वस्तुमानाचं विवर मुळात इलेक्ट्रॉन बाहेर टाकतच नाही. त्याला अब्जावधी केल्विन तापमान लागतं, आणि या विवराचं तापमान आहे साधारण ६० नॅनोकेल्विन. त्यातून निघतात ते मुख्यतः फोटॉन आणि ग्रॅव्हिटॉन, म्हणजे गुरुत्वाचे मानलेले कण. फोटॉनचा प्रतिकण फोटॉनच! मग कोण कोणाला संपवतं?

जोडीचं चित्रसुद्धा फार ताणू नका. हॉकिंगनेच १९७५च्या शोधनिबंधात ते फक्त कल्पना यावी म्हणून दिलंय आणि शब्दशः घेऊ नका असं बजावलंय. खरं गणित वेगळं आहे. तारा कोसळण्याआधी क्वांटम क्षेत्राची जी निर्वात अवस्था असते, तिच्यातल्या लहरी क्षितिज तयार होताहोता तिथून जातात आणि प्रचंड ताणल्या जातात. कोसळून झाल्यावर दूरच्या निरीक्षकाला तीच अवस्था निर्वात न दिसता उष्ण दिसते. सूर्याएवढ्या विवराची त्रिज्या ३ किलोमीटर आणि या उत्सर्जनाची लहर सर्वांत प्रखर असते ती ४७ किलोमीटरच्या आसपास. कण नेमका काठावर जन्मला, असं म्हणायला जागाच कुठं राहते?

लिगोचं उत्तर: नाही दिसणार. विश्वाचं पार्श्वभूमी प्रारण, म्हणजे महास्फोटानंतर उरलेली सगळीकडची ऊब, तीच २.७ केल्विनची आहे. त्यामुळे आजची तारकीय विवरं गमावतात त्याहून जास्त गिळतात. सगळं प्रारण विझलं असं धरलं तरी सूर्याएवढं विवर संपायला २ वर ६७ शून्यं एवढी वर्षं लागतील. पण म्हणून औंढ्याच्या लिगोला कमी लेखू नका. दोन विवरं एकत्र आली तर क्षितिजाचं एकूण क्षेत्रफळ कमी होत नाही, हे हॉकिंगने १९७१ मध्ये मांडलं होतं. १४ जानेवारी २०२५ला अमेरिकेतल्या लिगोने पकडलेल्या टकरीत हे क्षेत्रफळ सुमारे २ लाख ४० हजार चौरस किलोमीटरवरून ४ लाखांवर गेलेलं मोजलं, म्हणजे आधी महाराष्ट्राहून कमी आणि नंतर महाराष्ट्राहून जास्त. हॉकिंग उत्सर्जनाने हेच क्षेत्रफळ उलट घटतं, फक्त ते मोजता येण्यासारखं नाही. असल्या टकरी आकाशात नेमक्या कुठं झाल्या हे सांगायला आपल्या चार-चार किलोमीटरच्या भुजा फार उपयोगी पडणार आहेत.

परीक्षेत "उणी ऊर्जा असलेला जोडीदार आत जातो" एवढंच लिहा, प्रतिकण हा शब्द वापरू नका. मार्क कापले तर पुनर्तपासणीचा अर्ज करा. मला घरच्यांनी करू दिला नव्हता. आणि सरांना पॉझिट्रॉनचं वस्तुमान वर्गातच विचारा, केबिनमध्ये नको. बाकीच्यांनीही ऐकलं पाहिजे.

एक राहिलं. खऱ्या कृष्णविवराचं हे उत्सर्जन अजून कुणी पाहिलेलं नाही. हैफाच्या टेक्निऑनमध्ये स्टाइनहॉअर यांनी अतिथंड रुबिडियममध्ये ध्वनीसाठी क्षितिज तयार करून २०१६ आणि २०१९ मध्ये त्याच जातीचं उत्सर्जन दाखवलं, पण ते ध्वनीचं आहे, गुरुत्वाचं नाही. कुणी "हॉकिंग सिद्ध झाला" म्हणालं तर आधी हे विचारून घ्या.