१०० एमबीपीएसचा प्लॅन, पण डाउनलोड ११ वरच का?

तुम्ही विचारलंय की म्हापशात १०० एमबीपीएसचं फायबर कनेक्शन घेतलं, तरी डाउनलोड करताना ब्राउझर सेकंदाला ११ एमबीच दाखवतो, मग केबलवाला फसवतोय का? नाही. ११ म्हणजे लाइन अगदी व्यवस्थित चालू आहे.

प्लॅनमधला ‘बी’ बिटचा (एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबिट), ब्राउझरमधला बाइटचा. रोमन लिपीत बिटला लहान बी आणि बाइटला मोठा बी लिहितात. देवनागरीत लहान-मोठी अक्षरंच नाहीत, त्यामुळे ‘एमबी’ वाचून कशाचा बी ते कळायला मार्ग नाही. अर्धा घोळ इथलाच.

८ बिट म्हणजे १ बाइट. १०० ला ८ ने भागलं की १२.५. डेटा छोट्या तुकड्यांत, म्हणजे पॅकेटांत येतो आणि प्रत्येक पॅकेटवर पत्त्याबित्त्याची माहिती असते, त्यात साधारण ५ टक्के जातात, उरतात ११.८. काही प्रोग्राम मेगाबाइट १००० ऐवजी १०२४ च्या हिशेबाने मोजतात, तिथे हाच आकडा ११.३ दिसतो. खात्री करायची असेल तर मोठी फाइल उतरवत असताना विंडोजचा टास्क मॅनेजर उघडा. परफॉर्मन्समध्ये नेटवर्कचा आलेख बिटमध्ये असतो. तिथे ९५ च्या आसपास आणि ब्राउझरमध्ये ११, दोन्ही एकाच वेळी दिसतील. ४ जीबीची फाइल ४० सेकंदांत यायला हवी असं वाटत असेल, तर ती पावणेसहा मिनिटं घेणार.

तक्रार कधी करायची? प्लॅन २०० किंवा ३०० चा असून आकडा ९४-९५ एमबीपीएसवर खिळल्यासारखा राहिला, तर. मात्र तेव्हाही आधी घरातली वायर बघा. राउटर आणि लॅपटॉपमधल्या १०० एमबीपीएसच्या जोडणीला (लिंकला) वायरीतल्या आठांपैकी चारच तारा लागतात, गिगाबिटला (१००० एमबीपीएस) आठही. १०० ला न लागणाऱ्या निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार जरी कनेक्टरमध्ये गंजली, तरी लिंक गुपचूप १०० वर उतरते आणि नेट चालूच राहतं, म्हणून कोणाला संशयही येत नाही. आपल्याकडे पावसाळ्यातली दमट, खारी हवा हे काम मन लावून करते. कनेक्टर कापून नवा बसवा. तरीही फरक नाही पडला, तर राउटरचा किंवा लॅपटॉपचा पोर्टच १०० चा आहे का ते पाहा.

वायफायवर मोजलेल्या आकड्यावरून भांडू नका. चिऱ्याच्या जाड भिंतीपलीकडे, त्यातही ५ गिगाहर्ट्‌झचा सिग्नल, पार गळून जातो. मोजायचं तर वायर लावून, आणि केबलवाल्याला सांगताना आकडा एमबीपीएसमध्येच सांगा.

मोबाइलवर मात्र उलटं भान ठेवावं लागतं, कारण तिथे वेग बिटमध्ये आणि रोजचा डेटा बाइटमध्ये. १०० एमबीपीएस सलग मिळाले तर दिवसाचा दीड जीबी दोन मिनिटांत संपतो.