नाशिकच्या थंडीत सोनटक्का, हेलिकोनिया, सियाम ट्युलिप कसे जपावेत? पानं पिवळी पडली आहेत, कुंड्या रिकाम्या करू का?

अजिबात नको. तिन्ही झाडं कंदाची आहेत, पण प्रत्येकाचं दुखणं वेगळं.

सियाम ट्युलिप हळदीच्या कुळातलं. दिवाळीनंतर त्याची पानं पिवळी पडून झोपतात, ती थंडी नसती तरी झोपली असती. पाणी हळूहळू तोडा, सुकलेली पानं कापा आणि कुंडी आहे तशी जिन्याखाली कोरड्यात सरकवा. मेच्या अखेरीस माती बदलून पाणी सुरू करायचं. मधल्या काळात कीव येऊन पाणी घालणारेच कंद कुजवतात. कंद दाबून पाहा: टणक असेल तर जिवंत, बोट आत गेलं आणि वास आला तर फेका.

सोनटक्का चिवट. फुलून गेलेले दांडे बुडाशी कापा, कोवळे कोंब ठेवा आणि माती जेमतेम ओलसर राहू द्या.

खरी काळजी हेलिकोनियाची. पारा १० अंशांखाली गेला की पानांच्या कडा करपतात. निफाडकडे तर याहूनही गार पडतं; द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवतात ते उगाच नाही. कुंडी गच्चीच्या कठड्यापासून उचलून दुपारचं ऊन खाणाऱ्या भिंतीला टेकवा, बुडाशी पालापाचोळ्याचा जाड थर द्या. पाणी सकाळी, ऊन आल्यावर. करपलेली पानं लगेच छाटू नका, आतल्या कोंबाला तेवढाच आडोसा. खत मात्र फेब्रुवारीपर्यंत कुणालाच नाही, नर्सरीवाला काहीही म्हणो.