बर्फ पडत नाही, मग सफरचंद येईल का?

प्रश्न : काश्मीर-हिमाचलात भरपूर बर्फ पडतो म्हणून तिथे सफरचंद येतं, असं ऐकतो. आमच्या निफाड भागात बर्फ नाही. तरी रोपं लावावीत का?

उत्तर : शेतकरी बंधूंनो, सफरचंदाला बर्फ नको, थंडी हवी. जपानमध्ये सफरचंदासाठी नावाजलेल्या आओमोरी प्रांताच्या मुख्य शहरात एका हिवाळ्यात पडणाऱ्या बर्फाची बेरीज साधारण सहा मीटर भरते. तिथल्या बागायतदारांना झाडं झटकून फांद्या वाचवाव्या लागतात. उलट लेहमध्ये पाऊस आणि वितळलेला बर्फ धरून वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पाणी पडतं. त्याला वाळवंटच म्हणायचं, पण सफरचंद आणि जर्दाळू तिथेही येतात. थंडी कडाक्याची असली तरी हवेत बाष्प नसेल तर बर्फ पडत नाही. काश्मीर-हिमाचलात ते बाष्प हिवाळी पश्चिमी चक्रावातांबरोबर येतं. बर्फाचा तिथे उपयोग ओलीसाठी : १० सेंटिमीटर ताजा बर्फ वितळला की अंदाजे १० मिलिमीटर पावसाइतकं पाणी जमिनीत हळूहळू मुरतं. तेवढी ओल आपण ठिबकने देऊ शकतो.

थंडी मात्र विकत मिळत नाही. पानगळीनंतर झाडाला सुमारे ७ अंशांखाली ठरावीक तास काढावे लागतात, तरच डोळे (फांदीवरच्या कळ्या) एकसारखे फुटतात. काश्मीर-हिमाचलात लावतात त्या डेलिशियस गटातल्या जातींना असे हजाराच्या आसपास तास लागतात. निफाडला पारा ५-६ अंशांवर येतो तो काही पहाटेंपुरता, दुपारी पुन्हा ऊन तापतं. म्हणून काश्मिरी जातीची रोपं कोणी कितीही स्वस्त दिली तरी घेऊ नका.

हौस असेल तर हिमाचलच्या बिलासपूरमधील शेतकरी हरिमन शर्मा यांनी निवडलेली एचआरएमएन-९९, किंवा अ‍ॅना ही कमी थंडीची जात घ्या. अ‍ॅनासोबत परागीकरणासाठी डॉर्सेट गोल्डन ही जात लावाच. आधी दहा-वीस झाडं बांधाकडेला लावून दोन-तीन बहर बघा. फळ ऐन उन्हाळ्यात तयार होतं. रंग आणि टिकाऊपणा हिमाचली मालासारखा मिळेल असं मी सांगणार नाही. चालू द्राक्षबाग मोडून तर मुळीच लावू नका.

आणि महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दिसतो तो बर्फ आभाळातून पडलेला नसतो, निरभ्र रात्री तिथेच गोठलेलं दव असतं. द्राक्षबागेत तशी पहाट येण्याची चिन्हं दिसली, तर ठिबकने पाणी द्या आणि जागोजागी शेकोट्या करून धूर करा.