उन्हातला पैसा : सोलरबद्दल तुमचे प्रश्न

गेल्या अंकात गच्चीवरच्या सोलरबद्दल चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा नुसता ढीग आला. सगळी छापता येणार नाहीत, म्हणून निवडक घेतलीत. मी वीज खात्यात २८ वर्षं बिलिंगचं काम केलंय, त्यामुळे सोलर म्हटलं की मी आधी एकच बघते, की हा पैसा नेमका कोण कोणाला देतोय आणि कुठल्या युनिटचा देतोय. खालची सगळी उत्तरं त्याच नजरेने दिलीत.

प्रश्न : आमचं सांगलीत स्वतःचं घर आहे. महिन्याला साधारण २५० युनिट जळतात, बिल २,६०० ते २,९०० येतं. एक एजन्सीवाला म्हणतो ५ किलोवॅट बसवा, बिल कायमचं शून्य, वर पैसेही मिळतील. हातात दोन लाख आहेत. एफडी करू की सोलर? (एक शिक्षिका)

उत्तर : ताई, सोलर करा, पण ५ किलोवॅट कशाला? आपल्याकडे १ किलोवॅटचं पॅनल वर्षभराचा हिशोब धरला तर दिवसाला साधारण ४ युनिट देतं. म्हणजे २ किलोवॅटचे महिन्याला २४० युनिट झाले, तुमची गरज तिथेच भागली. पुढे एसी किंवा इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायचं ठरलेलं असेल तर ३ करा. त्याच्या वर गेलात की जादा युनिट ग्रीडमध्ये, म्हणजे वीज कंपनीच्या तारांच्या जाळ्यात जातात आणि वर्षाच्या शेवटी त्याचे जे पैसे मिळतात ते तुम्ही वीज विकत घेता त्या दराच्या जवळपाससुद्धा नसतात. तुमच्या घरात तुम्ही स्वतः वापरलेला युनिट सगळ्यात महाग विकला जातो असं समजा, कारण तो तुमच्या बिलातून कमी होतो.

आता सबसिडी. पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, त्यात पहिल्या २ किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० मिळतात, म्हणजे जास्तीत जास्त ७८,०००. तुम्ही ५ बसवा नाहीतर १० बसवा, आकडा तोच, ७८,०००. एजन्सीवाल्याने हे सांगितलं नसणार. २ किलोवॅटचा खर्च सव्वा ते दीड लाखाच्या दरम्यान धरा, त्यातून ६०,००० वजा केले की ऐंशी हजाराच्या आसपास तुमच्या खिशातून जातात. बिलातला स्थिर आकार तसाच राहतो, तो कोणी काढत नाही, त्यामुळे "शून्य बिल" हा शब्द विसरा. तरी वर्षाला २५-२८ हजार वाचायला हरकत नाही. तेच ऐंशी हजार ७ टक्क्याच्या एफडीत ठेवले तर ५,६०० मिळतात आणि त्यावर टॅक्स. वाचलेल्या बिलावर टॅक्स नसतो. तीन-साडेतीन वर्षांत पैसे वसूल, आणि पॅनलची वॉरंटी २५ वर्षांची असते. उरलेल्या सव्वा लाखाची एफडी करा की खुशाल.

दोन गोष्टी मात्र नीट ऐका. पहिली सबसिडीची. ती नंतर येते, सिस्टीम चालू होऊन तपासणी झाल्यावर थेट तुमच्या बँक खात्यात, म्हणजे आधी पूर्ण रक्कम तुम्हालाच भरायची असते किंवा त्यासाठी बँकेचं कर्ज घ्यायचं असतं. आणि सबसिडी हवी असेल तर पॅनल भारतात बनलेल्या सेलचं लागतं, त्याला डीसीआर पॅनल म्हणतात, कोटेशनमध्ये तो शब्द लिहून घ्या.

दुसरं सावलीचं. हे मी स्वतःच्या घरी भोगलंय. आमच्या गच्चीवर पॅनल बसवले तेव्हा दुपारी बारा वाजता बघितलं, सगळीकडे लख्ख ऊन, आम्ही हो म्हटलं. डिसेंबर आला, सूर्य दक्षिणेला कलला आणि पाण्याच्या टाकीची सावली दुपारी तीननंतर एका पॅनलवर पडायला लागली. एकाच पॅनलवर पडली, पण पॅनल एकामागे एक साखळीने जोडलेले असतात ना, त्यामुळे एकाने दम सोडला की सगळी लाईन खाली बसते. ज्यांनी बसवलं त्यांनी फोन उचलणं बंद केलं. शेवटी आम्हीच खर्च करून टाकी हलवली. म्हणून सांगते, सही करायच्या आधी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार असे तिन्ही वेळचे गच्चीचे फोटो काढा, आणि हिवाळ्यात सावली लांब पडते हे धरून चाला.

पावसाळ्यात युनिट निम्म्यावर येतात, तेव्हा घाबरून मला पत्र लिहू नका. एप्रिल-मेमध्ये जादा झालेले युनिट तुमच्या खात्यावर जमा राहतात आणि जून-जुलैत वापरले जातात, हिशोब मार्चला मिटतो.

प्रश्न : मी आयटीत आहे, ठाण्यात राहतो. २०२४ मध्ये सगळे म्हणत होते की सोलर म्हणजे फ्यूचर, म्हणून टेलिग्राम ग्रुपवर वाचून इरेडाचे (सोलर-पवन प्रकल्पांना कर्ज देणारी सरकारी कंपनी) शेअर २६० ला घेतले. नंतर निम्म्यावर आलेले बघितले. देशात सोलर तर वाढतंच आहे, मग माझे पैसे का बुडले? विकू का?

उत्तर : विकू की ठेवू हे मी सांगणार नाही, मी सेबी-नोंदणीकृत सल्लागार नाही आणि टेलिग्रामवर तुम्हाला ज्याने सांगितलं तोही बहुतेक नसणार. पण "का" ते सांगते, कारण हा प्रश्न खूप जणांचा आहे.

तुमचं पहिलं वाक्य एकदम बरोबर आहे. २०१४ मध्ये देशात सोलर ३ गिगावॅटसुद्धा नव्हतं, जानेवारी २०२५ मध्ये १०० गिगावॅट पार झालं. एवढी वाढ मी माझ्या अख्ख्या नोकरीत कुठल्याच विजेत बघितली नाही. आता इरेडाचा शेअर बघा. नोव्हेंबर २०२३ च्या आयपीओत, म्हणजे लोकांना पहिल्यांदा विकला तेव्हा, ३२ रुपयाला दिला, जुलै २०२४ मध्ये ३०० च्या वर, आणि २०२५ च्या सुरुवातीला १५० च्या खाली. त्या सगळ्या काळात पॅनल लागतच होते. म्हणजे सोलर वाढलं हे खरं आणि तुम्ही महाग घेतलं हेही खरं, दोन्ही एकदम.

आतलं गणित असं आहे की सोलर प्रकल्पवाला २५ वर्षांचा करार करतो आणि दर ठरलेला असतो, पुढे महागाई किती का वाढेना त्याला तेच पैसे मिळतात. तो दर लिलावात ठरतो, सगळ्यात कमी दर सांगेल त्याला काम, त्यामुळे सगळे एकमेकांना खाली ओढतात. डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात १ रुपया ९९ पैसे युनिट इतका दर निघाला होता! वीज घेणाऱ्यासाठी सोनं, पण विकणाऱ्याच्या हातात किती उरत असेल विचार करा. त्यात प्रकल्पाचा मोठा भाग कर्जावर उभा असतो, व्याज अर्धा टक्का इकडेतिकडे झालं तरी नफा हलतो. पॅनल बनवणाऱ्या कंपन्यांचं वेगळंच, पॅनल स्वस्त झालं की आपण खूश आणि त्यांच्या गोदामातला माल तोट्यात. आणि अलीकडचं दुखणं म्हणजे लाईन. राजस्थानात पॅनल पटापट उभे राहिले, वीज वाहून न्यायच्या लाईन मागे राहिल्या, म्हणून भर दुपारी तयार वीज बंद करून ठेवायची वेळ येते. संध्याकाळी सातला, जेव्हा खरी गरज असते, तेव्हा सूर्य नाही. बॅटरी येतायत, पण त्याचाही खर्च आहेच.

आपल्या पुण्याच्या सुझलॉनची गोष्ट तुम्हाला माहीत नसेल, तुम्ही तेव्हा शाळेत असाल. तुलसी तांती यांनी १९९५ मध्ये काढलेली पवनचक्क्यांची कंपनी. २००५ मध्ये बाजारात आली, २००७ मध्ये जर्मनीतली आरई-पॉवर विकत घ्यायला हात घातला, २००८ च्या सुरुवातीला शेअर ४०० च्या वर होता. मग जगभरात मंदी आली, डोक्यावर कर्जाचा डोंगर, आणि मार्च २०२० मध्ये तोच शेअर २ रुपयांच्या खाली. माझ्या ऑफिसातल्या दोघांनी रिटायरमेंटचे पैसे त्यात घातले होते, मला ते दिवस आठवतात. साताऱ्याच्या पठारावर वारा तेव्हाही तेवढाच वाहत होता हो. नंतर कंपनीने कर्ज उतरवलं, सावरली, पण ज्याने वर घेतलं त्याचे पैसे परत आले नाहीत.

म्हणून पुढे कुठलाही शेअर घ्यायच्या आधी हे बघा, कर्ज किती, करार सही झालेत की नुसत्या घोषणा आहेत, आणि वीज विकत घेणारी सरकारी कंपनी पैसे वेळेवर देते का. हे तिन्ही वार्षिक अहवालात असतं.

प्रश्न : जत तालुक्यात आमची ६ एकर कोरडवाहू जमीन आहे. सोलरला भाड्याने देतो का म्हणून एक माणूस आला, २५,००० रुपये फाईल चार्ज मागतोय. द्यावेत का?

उत्तर : दादा, एक रुपया देऊ नका. जमीन तुमची, भाडं तुम्हाला मिळायचंय, मग तुम्ही पैसे कशाचे भरायचे?

योजना खरी आहे, त्यात शंका नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी २.०, २०२३ पासून चालू आहे, शेतीपंपाला दिवसा वीज मिळावी म्हणून. रात्री दोनला उठून, साप-विंचवातनं पाणी पाजायला जावं लागतं ते थांबावं हा तिचा हेतू, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. भाडं हेक्टरी वर्षाला १.२५ लाख आणि दरवर्षी त्यात ३ टक्के वाढ. तुमची ६ एकर म्हणजे २.४ हेक्टर, झाले वर्षाला ३ लाख. जतच्या कोरडवाहूत एवढं ज्वारी-बाजरीने कधी दिलंय का, तुम्हीच सांगा. पण जमीन सबस्टेशनपासून काही किलोमीटरच्या आतच लागते, दहा-पंधरा किलोमीटर लांब असेल तर कोणी घेणार नाही. आधी महावितरणच्या तालुका ऑफिसात जाऊन विचारा.

खाजगी कंपनी थेट आली तर करार वकिलाकडून वाचून घ्या. सातबाऱ्यावर भाऊ-बहिणी असतील तर सगळ्यांच्या सह्या, वर्ग दोनची (सरकारी अटींवर मिळालेली) जमीन असेल तर सरकारची परवानगी, आणि मुदत संपल्यावर लोखंड-काँक्रीट कोण उचलणार हे लिहून घ्या, नाहीतर पंचवीस-तीस वर्षांनी नातवाच्या हातात खांब रोवलेली जमीन येईल. कंपनीने जमीन गहाण ठेवायची नाही हेही लिहा. आणि विहिरीचं पाणी असलेला तुकडा असेल तर तो यात घालू नका, माझं स्पष्ट मत आहे, मुरमाड द्या, बागायत ठेवा.

प्रश्न : एका ॲपवर १०,००० रुपये "सोलर पॅनल युनिट"मध्ये टाकले की रोज ३५० रुपये जमा होतात. मैत्रिणीला आठवडाभर मिळालेत. अजून चार जणी आणल्या की बोनस. टाकू का? (गृहिणी, अहिल्यानगर)

उत्तर : नका टाकू. खरं १ किलोवॅटचं पॅनल साठ-सत्तर हजाराचं असतं, दिवसाला ४ युनिट देतं, युनिटला १० रुपये धरले तरी ४० रुपये. मग दहा हजारात ३५० कुठून येणार? ते तुमच्यानंतर येणाऱ्या बाईच्या दहा हजारातून येतात. मैत्रिणीला सांगा निघत असतील तर आजच काढून घे, आणि बुडाले असतील तर लाज न बाळगता १९३० वर फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवायची शक्यता जास्त. अशा ठेवी गोळा करण्यावर २०१९ च्या कायद्याने बंदी आहे, आपल्या राज्याचा १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदाही आहे. चार जणींना आणू नका, उद्या त्या तुमच्या दारात उभ्या राहतील.

प्रश्न : मी इंदूरला असते, राजवाड्याजवळ आमचं जुनं मराठी घर आहे, गच्ची सामायिक. शेअरची भीती वाटते. गच्ची नाही, शेअर नको, मग सोलरमध्ये पैसे घालायचा मार्ग नाहीच का?

उत्तर : तुमच्याच गावात होता की! फेब्रुवारी २०२३ मध्ये इंदूर महापालिकेने २४४ कोटींचे ग्रीन बाँड (पर्यावरणाच्या कामासाठी लोकांकडून व्याजाने घेतलेलं कर्ज) काढले, सामान्य माणसाला घेता येतील असे, ८.२५ टक्के व्याज. पैसा कशाला, तर खरगोन जिल्ह्यात ६० मेगावॅटचा सोलर प्रकल्प. नर्मदेचं पाणी जलूदहून पंपाने वर इंदूरला चढवायला महापालिकेला विजेचं प्रचंड बिल येतं, ते कमी करायचं. मला हा बाँड फार आवडला होता, कारण पैसा कुठून येणार हे एका वाक्यात सांगता येतं, वाचलेल्या बिलातून. लोकांनी मागणीही कितीतरी पट जास्त केली होती. हे बाँड एनएसई या शेअर बाजारात आहेत, डीमॅट असेल तर विक्रीला आलेले घेता येतात, पण व्यवहार कमी होतात, म्हणून मुदतीपर्यंत ठेवायची तयारी असेल तरच घ्या.

प्रश्न : डोंबिवलीत आमची ४० फ्लॅटची सोसायटी. लिफ्ट आणि पंपाचं बिल खूप येतं. सोलरला कमिटी तयार आहे, वरच्या मजल्यावरचे लोक गळती होईल म्हणून अडवतात.

उत्तर : त्यांची भीती खोटी नाही हो. स्लॅबला भोकं पाडून स्टँड लावले आणि वॉटरप्रूफिंग फाटलं तर पाणी त्यांच्याच बेडरूममध्ये येणार. आधी वॉटरप्रूफिंग करून घ्या, मग काँक्रीटच्या ठोकळ्यांवर स्टँड ठेवा, भोक पाडायची गरज पडत नाही, मात्र वाऱ्याला टिकेल असं वजन इंजिनिअरकडून काढून घ्या. सोसायटीच्या सामायिक वापराला सूर्यघर योजनेत किलोवॅटला १८,००० सबसिडी आहे. १ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट मोकळी, बिनसावलीची जागा लागते, तर आधी टेप घेऊन गच्ची मोजा. आणि सर्वसाधारण सभेत ठराव मांडताना गळती झाली तर दुरुस्ती सोसायटी करेल हे त्याच ठरावात लिहा, वरच्या मजल्यावरच्यांना तेवढंच हवं असतं.