आरएक्स-८ चं ॲव्हरेज अचानक पाचवर आलंय? सेन्सर नंतर, आधी सहा आकडे मागा

तुमची पोस्ट वाचली आणि माझंच जुनं दुखणं कुणीतरी लिहून काढलंय असं वाटलं. तुम्ही सोलापूरच्या होटगी रोडचे, नोकरी शारजात, सेकंडहँड माझदा आरएक्स-८ घेतलीत. सुरुवातीला लिटरला सात देत होती, दोन महिन्यांत पाचवर आली. गरम इंजिन बंद करून परत स्टार्ट करायला गेलं की बराच वेळ नुसतं घरघरतं. आणि वर्कशॉपने ‘कॉम्प्रेशन (इंजिनात हवा किती दाबली जाते ते) ओके, ऑक्सिजन सेन्सर बदला’ असा कागद हातात दिला. बरोबर ना?

मी जुळे सोलापूरचा. दुबई-शारजात अकरा वर्षं काढून परत आलो. त्यातली सहा वर्षं माझ्याकडे हीच गाडी होती, सहा गिअरची. मी मेकॅनिक नाही, अकाउंट्समध्ये होतो. त्यामुळे खालचं सगळं एका मालकाचा अनुभव म्हणून वाचा, इंजिनाला हात लावायच्या आधी रोटरी इंजिनाची (यात पिस्टनऐवजी दोन तिकोनी रोटर फिरतात) कामं रोज करणाऱ्याला दाखवा.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. सात हे या गाडीचं दुखणं नाही, तो तिचा स्वभाव आहे. अमेरिकेच्या सरकारी चाचणीत सहा गिअरच्या आरएक्स-८ ला शहरात गॅलनला १६ मैल आणि हायवेला २२ मैल मिळाले आहेत. म्हणजे लिटरला साधारण पावणेसात आणि सव्वानऊ किलोमीटर. सोलापूरला आलो की मित्र विचारायचे, अरे तेराशे सीसी आणि सातचं ॲव्हरेज? पण हे १३०८ सीसी शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्यात पूर्ण वापरले जातात. आपल्या नेहमीच्या फोर-स्ट्रोक इंजिनात तेवढं काम व्हायला दोन फेरे लागतात. म्हणून तुलना करायची तर २.६ लिटरच्या इंजिनाशी करा. त्यात ज्या जागेत पेट्रोल जळतं ती जागा लांबट आणि चपटी, ज्वाला टोकापर्यंत नीट पोचत नाही, आजूबाजूचं लोखंड आणि ॲल्युमिनियम उष्णता खाऊन टाकतं. सहाव्या गिअरमध्ये १२० ला इंजिन मिनिटाला साडेतीन हजार फेऱ्यांच्या (आरपीएम) पुढे फिरत असतं. हे कुठल्याही ॲडिटिव्हने बदलत नाही. जूनमध्ये एसी लावून शारजाच्या ट्रॅफिकमध्ये सहा मिळाले तरी मी खूश असायचो.

पण सातवरून पाचवर येणं हा स्वभाव नाही. तिथे काहीतरी बिघडलंय.

आता माझी चूक सांगतो, कारण तुम्ही नेमके त्याच वळणावर उभे आहात. माझी गाडी साडेसहावरून पाचवर आली तेव्हा मी एका मोठ्या, चकचकीत वर्कशॉपमध्ये नेली. नाव घेत नाही. त्यांनी प्लग काढला, साधा पिस्टन इंजिनाचा कॉम्प्रेशन गेज लावला, क्रँक मारला, म्हणजे नुसत्या स्टार्टरने इंजिन फिरवलं, आणि दोन रोटरचे दोन आकडे लिहून दिले. दोन्ही आकडे छान. खाली शिक्का, ‘ओके’. मी तो कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेवला आणि त्याच्या भरवशावर दहा महिने गाडी चालवली. त्या दहा महिन्यांत ऑक्सिजन सेन्सर बदलला, एअर फिल्टर बदलला, ९५ चं स्पेशल सोडून ९८ चं सुपर भरायला लागलो. ॲव्हरेज अर्ध्या किलोमीटरनेसुद्धा हललं नाही. दोनदा परत गेलो, दोन्ही वेळा काउंटरवरच्या माणसाने गाडीकडे न बघता तोच जुना कागद माझ्यापुढे सरकवला. अजून आठवलं की संताप येतो. पैसे गेले याचं वाईट वाटतंच, पण ‘माहीत नाही’ एवढं त्यांनी म्हटलं असतं तर माझं इंजिन वाचलं असतं.

मला शहाणं केलं ते सोलापूरच्या माणसाने. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेसाठी सुट्टीवर आलो होतो. वडिलांच्या जीपचं काम करणारे एक मिस्त्री आहेत, आम्ही त्यांना मामा म्हणतो. अक्कलकोट रोडला गॅरेज, आयुष्य डिझेलच्या पंप-नोझलमध्ये गेलं, रोटरी इंजिन डोळ्यांनी पाहिलेलं नाही. रोटर कसा असतो म्हणून विचारलं, तर मी खडूने फरशीवर फुगीर बाजूंचा त्रिकोण काढून दाखवला, प्रत्येक बाजूला हवा दाबणारी एक खोली. ते उकिडवे बसून बराच वेळ त्याकडे बघत राहिले. मग एकेका बाजूवर बोट ठेवत म्हणाले, “तीन खोल्या आहेत म्हणतो ना तू? मग काटा एकच आकडा कसा दाखवलालाय?”

सगळं उत्तर त्या प्रश्नात होतं. साध्या गेजमध्ये हवा अडवून धरणारा बारीकसा व्हॉल्व्ह असतो. तीन खोल्यांपैकी जी सगळ्यात तगडी, तिचाच दाब काट्यावर अडकून राहतो. दुसरी गळत असली, तिसरी अर्धमेली असली, तरी कागदावर ‘ओके’च येणार.

परत गेल्यावर शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात एका छोट्या गॅरेजवाल्याला गाठलं. त्याच्याकडेही रोटरीचं मशीन नव्हतं, पण त्याने गेजमधला तो व्हॉल्व्ह काढला, इंजेक्टर बंद राहावेत म्हणून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरला आणि क्रँक मारला. मी मोबाइलवर शूटिंग करत होतो. चांगल्या इंजिनाची सुई एकसारखी उडते, फस-फस-फस. माझी उडत होती फस-फस-आणि मग एक नुसता सुस्कारा. फस-फस-सुस्कारा. मागच्या रोटरची एक बाजू गेली होती. व्हिडिओ सावकाश करून पाहिला तर तिसऱ्या वेळी सुई निम्म्यावरच थांबत होती.

नंतर इंजिन उघडल्यावर क्रम कळला. सुरुवात झाली होती इग्निशन कॉइलपासून, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी करंट देणाऱ्या कॉइलपासून. या गाडीला चार कॉइल असतात आणि त्या लवकर दमतात. कॉइल अशक्त झाली की सगळं पेट्रोल जळत नाही, ॲव्हरेज पडतं. न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन जळतं, धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून वितळतो, धुराचा रस्ता तुंबतो. मग गरम वायू मागे दाटतात आणि रोटरच्या टोकांवरचे सील भाजून निघतात. सुरुवातीलाच चार कॉइल आणि चार प्लग बदलले असते तर काम काही शे दिरहमांत मिटलं असतं. मला पूर्ण इंजिन करावं लागलं, तीन पगार गेले. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, पुस्तकात काहीही असो: सेकंडहँड आरएक्स-८ घेतली की पहिल्या आठवड्यात चारही कॉइल नव्या टाका. प्लग बदलताना खालचे लीडिंग आणि वरचे ट्रेलिंग वेगळे असतात, अदलाबदल होऊ देऊ नका.

दुसरी चूक मी स्वतः केली. ॲव्हरेज वाढावं म्हणून गाडी कायम अडीच-तीन हजार आरपीएमच्या आत चालवली. या इंजिनाला ते मानवत नाही, आत कार्बन साठतो. इंजिन पूर्ण तापल्यावर दिवसातून एकदा तरी मोकळ्या रस्त्यावर वरपर्यंत फिरवा. वाचलेल्या दोन लिटरपेक्षा ते स्वस्त पडतं. आणि ऑईल खाते म्हणून घाबरू नका, सीलना वंगण मिळावं म्हणून ती थोडं ऑईल मुद्दाम आत सोडते. दर दुसऱ्या टाकीला डिपस्टिक बघत जा. थंड गाडी पार्किंगमध्ये दहा फूट हलवून लगेच बंद करायची सवय असेल तर आजपासून सोडा, इंजिन पेट्रोलने भरून बसतं आणि मग टोइंगवाल्याला फोन करावा लागतो.

पुढे गाडी सोलापूरला आणता येईल का, हेही तुम्ही विचारलंय. मलाही फार वाटायचं, फ्रान्समधली ‘ल माँ’ची २४ तासांची शर्यत १९९१ मध्ये जिंकलेल्या घराण्यातली गाडी आपल्या सात रस्ता चौकातून न्यावी. पण भारतात जुनी गाडी आणायची तर ती तीन वर्षांच्या आतली आणि उजव्या स्टिअरिंगची लागते. तुमची डाव्या स्टिअरिंगची, आणि आरएक्स-८ चं उत्पादन २०१२ मध्येच थांबलं. तो विचार मनातून काढून टाका, तिथेच चांगली ठेवा.

तर आता करायचं काय. सेन्सरचे पैसे देऊ नका. रोटरी टेस्टर असलेलं गॅरेज शोधा आणि प्रत्येक रोटरचे तीन, असे सहा आकडे लेखी मागा. इंजिन गरम हवं, बॅटरी पूर्ण चार्ज हवी. २५० आरपीएमला नवं इंजिन साधारण ८.५ किलो (दर चौरस सेंटीमीटरला) दाब दाखवतं, ६.९ च्या खाली गेलं की इंजिन संपलं समजतात. एकाच रोटरच्या तीन आकड्यांत १.५ पेक्षा जास्त फरक असेल तरीही नापास. टेस्टर मिळालाच नाही तर व्हॉल्व्ह काढलेल्या गेजचा व्हिडिओ काढा, आवाजासकट. आकडे आले की इथेच टाका, आणि क्रँक मारताना आरपीएम किती होता तेही लिहा, त्याशिवाय मला काही सांगता येणार नाही.